जुन्या मोटारीची ठिणगी

ज्या वस्तूंवाचून आपले पाऊलभरही चालत नाही, परंतु ज्यांच्याकडे आपण वर्षानुवर्षे ढुंकूनही पाहत नाही, अशा वस्तूंत मोटारीच्या स्पार्क प्लगची गणना करावयास हरकत नाही. अंगठ्याहून फारशी मोठी नसलेली ही वस्तू. वर पांढरा, चिनी मातीसारखा भाग, मध्ये षट्कोनी लोखंडी कडे, खाली आटे आणि टोकाशी दोन धातूंमधली जेमतेम नखाच्या जाडीची फट. त्या फटीत ठिणगी पडते आणि मोटार चालते. नवी मोटार असेल तर हा प्लग बदलण्याची काळजी कंपनीचा कारागीर वाहतो. पण मोटार तीस-चाळीस वर्षांची असेल, तिची कंपनी बंद पडली असेल आणि तिची माहितीपुस्तिका केव्हाच हरवली असेल, तर नवा प्लग कोणता घ्यावा, हा प्रश्न तिच्या मालकालाच सोडवावा लागतो. आज त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हा विचार करण्यास बंगळूरच्या इंदिरानगराइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. ही वसाहत १९७० च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आली. आज तिच्या शंभर फुटी रस्त्यावर नव्या मोटारींची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत असते आणि २०११ पासून वरून मेट्रोही धावते. पण आतल्या, झाडांच्या सावलीतल्या गल्ल्यांत शिरावे, तर एखाद्या फाटकाआड, कापडी आच्छादनाखाली अजूनही एखादी प्रीमियर पद्मिनी, एखादी अँबॅसडर किंवा पहिल्या पिढीतील मारुती उभी दिसते. नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून इकडे आलेल्या कुटुंबांच्या दारातही अशा मोटारी आहेत.

यातील पद्मिनीशी या भागाचे एक दूरचे नाते आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साहाय्याने हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना बंगळुरात स्थापन केला. आजचे एचएएल ते हेच, आणि ते इंदिरानगरच्या शेजारीच आहे. त्याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. इकडे १९५१ मध्ये बंगळुरात जर्मनीच्या बॉश कंपनीच्या सहकार्याने मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘मायको’, सुरू झाली. तिचा आडुगोडीचा कारखाना इंदिरानगरापासून काही मैलांवर. २००८ पासून ही कंपनी बॉश या नावाने ओळखली जाते. पण जुन्या मिस्त्रींच्या बोलण्यात ‘मायकोचा प्लग’ अजून टिकून आहे. तेव्हा मुंबईची मोटार आणि बंगळूरचा प्लग ही जोडी दीर्घकाळ सुखाने नांदली, असे म्हणता येईल. आज मात्र ती जोडी जुळवणे अवघड झाले आहे, कारण दुकानात प्लगांची रेलचेल आहे आणि माहिती मात्र तुटपुंजी आहे.

प्रथम या प्लगाच्या कामाचे स्वरूप ध्यानात घेऊ. चार फेऱ्यांच्या, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरात दोन आवर्तनांमागे एक ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला तीन हजार वेळा फिरत असेल, तर प्रत्येक प्लगाला मिनिटाला दीड हजार, म्हणजे सेकंदाला पंचवीस ठिणग्या द्याव्या लागतात. प्रत्येक ठिणगीसाठी हजारो व्होल्टचा दाब त्या पांढऱ्या मातीच्या भागाने आवरून धरायचा असतो. समोर दोन हजार अंशांहून अधिक तापलेला वायू क्षणभर भडकतो आणि दुसऱ्याच क्षणी पेट्रोलची थंड वाफ अंगावर येते. एवढे सोसणाऱ्या वस्तूची निवड केवळ ‘आट्यात बसला, झाले’ एवढ्यावर करणे बरोबर नाही.

निवडीची पहिली कसोटी मापांची. आट्यांचा व्यास, आट्यांची लांबी आणि प्लग टेकतो ती बैठक, ही तीन मापे जुळली पाहिजेत. आपल्याकडील बहुतेक जुन्या मोटारींत व्यास चौदा मिलिमीटर असतो. त्यामुळे तो पाहून माणूस निश्चिंत होतो. फसगत होते ती लांबीत. चौदा मिलिमीटर व्यासाचा प्लग साडेबारा मिलिमीटरांहून किंचित अधिक, म्हणजे अर्ध्या इंचाच्या आट्यांचाही मिळतो आणि एकोणीस मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाच्या आट्यांचाही मिळतो. दोन्ही एकाच पान्याने फिरतात आणि एकाच भोकात शिरतात. पण आखूड भोकात लांब प्लग बसवला, तर त्याचे टोक ज्वलनकक्षात पुढे येते. पिस्टन किंवा झडप त्यावर आदळण्याचा धोका असतो. न आदळली तरी उघड्या पडलेल्या आट्यांवर काजळीचा थर बसतो आणि तो प्लग बाहेर काढताना हेडचे आटे सोलले जातात. उलट लांब भोकात आखूड प्लग बसवला, तर ठिणगी खोल बिळात पडल्यासारखी होते आणि मोकळ्या राहिलेल्या आट्यांत काजळी भरून पुढे योग्य प्लगच बसेनासा होतो. फियाट ११०० आणि तिच्या वंशातील पद्मिनी यांचे हेड अॅल्युमिनियमचे आहे. तेथे तर अधिकच जपावयास हवे, कारण मऊ धातूचे आटे एकदा गेले की काही शे रुपयांच्या प्लगापायी हजारो रुपयांचे हेड उतरवावे लागते.

बैठकीचेही तसेच. काही प्लग सपाट बैठकीचे असून त्यांच्याबरोबर वॉशर येतो. काहींची बैठक निमुळती असते आणि त्यांना वॉशर लागत नाही. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. म्हणून जुना प्लग फेकून देण्यापूर्वी तो हातात धरावा, पट्टीने मोजावा आणि नव्या प्लगाशेजारी उभा करून पाहावा. मात्र जुना प्लग पूर्वी कोणी तरी चुकीचाच बसवलेला असू शकतो, हेही विसरू नये. शक्य तेथे माहितीपुस्तिका किंवा प्लग बनवणाऱ्याची सूची पाहून खात्री करून घ्यावी.

दुसरी कसोटी उष्णतेची. हीच खरी महत्त्वाची आणि हीच सर्वांत दुर्लक्षित. ‘गरम प्लग’ आणि ‘थंड प्लग’ हे शब्द मिस्त्रींच्या तोंडी असतात. पण गरम प्लगाची ठिणगी अधिक गरम असते, अशी जी समजूत आहे ती खरी नव्हे. प्रश्न ठिणगीचा नसून, टोकाशी साठलेली उष्णता प्लग किती वेगाने हेडकडे वाहून नेतो, याचा आहे. स्वयंपाकघरात लांब दांड्याचा झारा कढईत धरला, तर दांड्याच्या टोकापर्यंत ऊन पोहोचण्यास वेळ लागतो. आखूड दांड्याच्या चमच्याने मात्र हात चटकन पोळतो. प्लगाच्या आतील पांढऱ्या नाकाचेही असेच आहे. नाक लांब असेल तर उष्णतेला हेडपर्यंत लांबचा रस्ता पडतो, ती टोकाशी रेंगाळते. तो प्लग गरम. नाक आखूड असेल तर ती लवकर निघून जाते. तो प्लग थंड.

आता टोक किती तापावे? साधारणपणे साडेचारशे ते पाचशे अंशांच्या वर ते गेले, म्हणजे त्यावर बसणारी काजळी आपोआप जळून जाते. पण साडेआठशे-नऊशे अंशांच्या पुढे गेले, तर तेच टोक निखाऱ्यासारखे लाल होऊन ठिणगी पडण्यापूर्वीच पेट्रोल पेटवू लागते. अशा अवेळी पेटण्याने पिस्टनला भोक पडू शकते. योग्य प्लग म्हणजे या दोन मर्यादांमध्ये राहणारा प्लग. फार थंड निवडला तर मोटार काजळून अडखळेल; फार गरम निवडला तर इंजिनच जाईल. त्यातल्या त्यात पहिली चूक सुधारता येते, दुसरी बहुधा येत नाही.

येथे दुकानातला एक मोठा सापळा आहे. उष्णतेचा क्रमांक प्लगवर छापलेला असतो, पण त्याचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. एनजीके आणि डेन्सो या जपानी कंपन्यांत आकडा जितका मोठा, तितका प्लग थंड. चॅम्पियन या अमेरिकी नावात आकडा जितका मोठा, तितका प्लग गरम. बॉशच्या बाबतीत तर एकाच घरात दोन रीती. जुन्या पद्धतीत मोठा आकडा थंड प्लगाचा असे. नव्या पद्धतीत लहान आकडा थंड प्लगाचा. जुन्या ‘डब्ल्यू १७५ टी १’ची जागा नव्या क्रमवारीत ‘डब्ल्यू ७ ए’ने घेतली आणि ‘डब्ल्यू २२५ टी १’ची ‘डब्ल्यू ५ ए’ने. म्हणजे १७५ वरून २२५ कडे जाणे आणि ७ वरून ५ कडे जाणे, या दोन्ही हालचाली थंडपणाकडेच आहेत. ज्याला हे ठाऊक नाही तो एका कंपनीच्या सहाऐवजी दुसऱ्या कंपनीचा सहा मागून मोकळा होतो. अशा वेळी आकडा न जुळवता तुलनेचा तक्ता पाहावा. अक्षरेही वाचावीत. बॉशच्या नव्या पद्धतीत शेवटचा ‘ए’ किंवा ‘बी’ आखूड आटे दाखवतो, ‘सी’ किंवा ‘डी’ लांब आटे. एनजीकेच्या ‘बी ६ एच एस’मधील ‘एच’ म्हणजे आखूड आणि ‘बी ६ ई एस’मधील ‘ई’ म्हणजे लांब. एका अक्षराचा फरक, पण वर सांगितलेला सारा अनर्थ त्यात सामावलेला.

आता या शहराचे एक वैशिष्ट्य. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच आहे. येथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा सुमारे दशांशाने विरळ असते. नव्या मोटारींतील यंत्रणा हे ओळखून पेट्रोल बेताने सोडते. जुन्या मोटारीतला कार्ब्युरेटर मात्र मुंबईत जसा बसवला तसाच वागतो. त्यामुळे मुंबईहून आलेली मोटार येथे हवेच्या मानाने अंमळ जास्त पेट्रोल पिते. त्यात इंदिरानगरातले तिचे आयुष्य पाहा. भाजीबाजारापर्यंत एक फेरी, सिग्नलवर पाच मिनिटांचा मुक्काम, इंजिन पुरते तापण्यापूर्वीच घर. साहजिकच प्लग काळे पडतात आणि मोटार धक्के खाऊ लागते. मग कोणी तरी सल्ला देतो, ‘एक नंबर गरम प्लग टाका.’

हा सल्ला सर्वस्वी खोटा नाही. केवळ गावातल्या गावात हिंडणाऱ्या मोटारीला एक पायरी गरम प्लग कधी कधी मानवतो. पण पहिला इलाज तो नव्हे. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, अशातला हा प्रकार होतो. काजळीचे मूळ कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये असेल, अडकलेल्या चोकमध्ये असेल, बुजलेल्या एअर फिल्टरमध्ये असेल किंवा झिजलेल्या पॉइंटमुळे ठिणगीच अशक्त झाली असेल. ते सोडून प्लग गरम केला, तर काजळी काही दिवस दिसेनाशी होईल. पण तीच मोटार सुट्टीत कुटुंबासह पुण्याच्या रस्त्याला लागली, चार-पाच तास भरधाव चालली, की तो गरम प्लग आपले खरे रूप दाखवील.

म्हणून जाणते मिस्त्री प्लग बदलण्यापूर्वी वाचतात. ही विद्या अवघड नाही. टोक फिकट तपकिरी किंवा करडे असेल तर इंजिनाची प्रकृती ठीक. मखमलीसारखी कोरडी काळी काजळी दिसली तर पेट्रोल अधिक किंवा फिरणे कमी. ओला, चकचकीत काळा थर असेल तर सिलिंडरात तेल येत आहे. त्याला प्लग काय करणार? तेथे रिंगा किंवा झडपांचे काम निघाले, असे समजावे. नाक पांढरेफटक, फोड आल्यासारखे आणि धातूचे टोक वितळू लागलेले दिसले, तर तो धोक्याचा बावटा. चारही प्लग एका रांगेत, ज्या सिलिंडरातून काढले त्या क्रमाने ठेवावेत. चारही सारखेच काळे असतील तर दोष सर्वांच्या सामायिक भागात, म्हणजे बहुधा कार्ब्युरेटरमध्ये. एकच निराळा दिसला तर दोष त्या एका सिलिंडरात.

या वाचनात एक दुरुस्ती मात्र काळाने केली आहे. जुन्या पुस्तकांतली रंगांची वर्णने शिसेमिश्रित पेट्रोलच्या काळातली आहेत. १ फेब्रुवारी २००० पासून आपल्या देशात तसे पेट्रोल विकले जात नाही. शिसेविरहित पेट्रोलवर प्लगाचा रंग पूर्वीपेक्षा फिका राहतो. त्यात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत वाढत २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर आले. इथेनॉलबरोबर प्राणवायूही येतो, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरमधले मिश्रण हलके होते. उंचीमुळे जड झालेले मिश्रण इथेनॉलमुळे पुन्हा हलके, असा हा जमाखर्च आहे. तेव्हा दहा वर्षांपूर्वीचा ठोकताळा आजच्या मोटारीला तसाच न लावता, तिचा आजचा प्लग पाहूनच निर्णय घ्यावा.

तिसरी गोष्ट फटीची. पॉइंट आणि कॉइलच्या जुन्या रचनेत ही फट साधारणपणे ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवतात. आधुनिक इलेक्ट्रॉनिक रचनेत विजेचा दाब अधिक असल्याने ती एक मिलिमीटरपर्यंतही असते. नव्या मोटारीसाठी फट राखलेला प्लग डबीतून काढून थेट जुन्या मोटारीला बसवला, तर तिच्या अशक्त कॉइलला ती दरी ओलांडवत नाही. विशेषतः पहाटेच्या गारव्यात. म्हणून फीलर गेजने मोजून, बाहेरचे टोक हलकेच ठोकून फट जुळवावी. मधल्या टोकाला मात्र हात लावू नये.

आणि आकाशवाणीच्या श्रोत्यांना रुचेल अशी एक गोष्ट. १८८७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी बिनतारी लहरी सिद्ध केल्या त्या ठिणगीच्याच साहाय्याने. त्या अर्थी प्रत्येक स्पार्क प्लग हे एक छोटेसे प्रक्षेपण केंद्रच आहे. दुर्दैवाने त्याचा कार्यक्रम केवळ खरखरीचा असतो! ती थोपवण्यासाठी काही प्लगांत आतच एक रोध घातलेला असतो आणि त्यांच्या क्रमांकात बहुधा ‘आर’ हे अक्षर येते. जुन्या मोटारीला असा प्लग चालतो. पण तिच्या तारांत आणि टोप्यांत आधीच रोध असतील, तर त्यांची बेरीज किती होते, हे पाहून घ्यावे. कोणी जुन्या मोटारीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले असेल, तर मात्र ‘आर’चाच प्लग घेणे श्रेयस्कर.

राहिला प्रश्न इरिडियम आणि प्लॅटिनमच्या महाग प्लगांचा. त्यांचा मुख्य गुण दीर्घायुष्य हा आहे. नव्या इंजिनात, जेथे प्लगापर्यंत हात पोहोचवण्यासाठी अर्धे इंजिन उघडावे लागते, तेथे हा गुण मोलाचा. जुन्या मोटारीचे प्लग बॉनेट उघडताच समोर दिसतात आणि ती वर्षाकाठी दोन-तीन हजार किलोमीटर फिरते. तिला साधा निकेलचा, तांब्याच्या गाभ्याचा प्लग पुरेसा आहे. ‘हा प्लग टाका, आजच मायलेज वाढेल,’ असे सांगणारे विक्रेते भेटतात. पण पी हळद आणि हो गोरी, असे इंजिनाच्या बाबतीत घडत नाही.

खरेदी करताना आणखी एक सावधगिरी. बंगळुरात मोटारीच्या सुट्या भागांसाठी जे. सी. रोड प्रसिद्ध आहे, जशी मुंबईत ऑपेरा हाउसजवळची बाजारपेठ. प्रामाणिक दुकानदार तेथे पुष्कळ आहेत. पण प्रसिद्ध नावांच्या नकला या धंद्यात सर्वत्रच फिरतात. डबीवरचे नाव सोनुबाई आणि आत कथलाचा वाळा. छपाई पुसट, आट्यांवर खरखर, मधले टोक आणि बाहेरचे टोक एका रेषेत नाही, किंमत बाजारभावाच्या निम्मी, ही लक्षणे दिसली तर तो प्लग परत करावा. पावती घ्यावी आणि चारही प्लग एकदमच, एकाच क्रमांकाचे घ्यावेत.

बसवताना इंजिन थंड असावे. प्लगाभोवतीची धूळ आधी फुंकून काढावी, नाही तर ती थेट सिलिंडरात जाते. प्रारंभी पाना न लावता प्लग बोटांनीच फिरवावा. बोटांना तो अडला तर आटे तिरके लागत आहेत, असे समजून मागे घ्यावा. नवा वॉशर असलेला प्लग बोटांनी टेकल्यावर पान्याने अर्धे ते दोन-तृतीयांश वळण पुरे. निमुळत्या बैठकीच्या प्लगाला तर सोळाव्या भागाएवढेच. अधिक जोर हे अधिक काळजीचे लक्षण नव्हे. आणि तारा एका वेळी एकच काढावी, म्हणजे त्यांचा क्रम चुकत नाही.

श्रोतेहो, एवढ्याशा वस्तूवर इतका वेळ का घालवावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे. एका सिलिंडरात ठिणगी चुकली की तेथले न जळलेले पेट्रोल धुराड्यातून बाहेर पडते. प्रदूषणाच्या तपासणीत मोटार नापास होते. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. तेथेही तिची प्रकृती तपासली जाते. एखाद्या चुकीच्या प्लगाने अडखळणारी मोटार ‘आता म्हातारी झाली’ म्हणून भंगारात जाते. वस्तुतः ती म्हातारी झालेली नसते. तिच्याकडे पाहणारे कोणी उरलेले नसते. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, ती कायद्याने ठरवलेली वीस वर्षांची मुदत संपली म्हणून. जिथे कायदा अजून परवानगी देतो, तिथे केवळ अज्ञानापायी मोटार मोडीत काढू नये, एवढेच सांगावयाचे आहे.

जुन्या मोटारीला बाजारातला उत्तम प्लग नको असतो. तिला तिचा प्लग हवा असतो. तो ओळखण्यासाठी मोठी यंत्रशाळा लागत नाही. एक पट्टी, एक फीलर गेज, क्रमांकांचा एक तक्ता आणि काढलेला प्लग उजेडात धरून पाहण्याएवढी सवड, इतके साहित्य कोणत्याही घरात जमू शकते. ज्या मिस्त्रींना हे वाचन येते ते आता वयोवृद्ध होत चालले आहेत. त्यांच्याकडे पुढच्या वेळी मोटार न्याल, तेव्हा किल्ली देऊन निघून जाऊ नका. त्यांच्या शेजारी उभे राहा, चारही प्लग रांगेत मांडावयास सांगा आणि त्यांत त्यांना काय दिसते ते विचारा. एवढ्यानेही ही विद्या आणखी एका पिढीपर्यंत पोहोचेल.